निरंक म्हणजे काय?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी कळवले होते की, संगणकाचे प्रोग्राम तपासणाऱ्या साधनाची माहितीपुस्तिका चांगली की वाईट हे कसे ठरवावे, आणि तेही ती वाचणारा माणूस नसून एआय एजंट असेल तेव्हा, ह्यावर मी बोलेन. दुसऱ्याच दिवशी चिटणीसांचा फोन आला. ते म्हणाले, "साहेब, विषय उत्तमच आहे, पण उन्हाळ्याचे दिवस आहेत, लोक गच्चीवरचा वारा सोडून इथे येतात. नाव तरी थोडे सोपे द्या." म्हणून पत्रिकेवर 'निरंक म्हणजे काय?' एवढेच छापले आहे. महसूल खात्यातली काही निवृत्त मंडळी पहिल्या रांगेत दिसतात, ती ह्या नावामुळेच फसून आली असावीत. त्यांची आधी क्षमा मागतो. पण त्यांना अगदीच रिकाम्या हाताने घरी पाठवणार नाही.

कारण हा शब्द मी त्यांच्याच खात्याकडून शिकलो. माझे मामा मेहकर तालुक्यात पटवारी होते. एका पावसाळ्यात पैनगंगेला पूर आला आणि पिकांच्या नुकसानीचा अहवाल संध्याकाळपर्यंत पाठवा, असा वरून निरोप आला. मामांच्या साझ्यातली दोन गावे नदीच्या पलीकडे. त्यांनी अलीकडच्या गावांचे आकडे भरले आणि त्या दोन गावांपुढे 'पाहणी बाकी' असे लिहिले. वरचे साहेब संतापले. नमुन्यात एक तर आकडा तरी हवा किंवा 'निरंक' तरी हवे. 'पाहणी बाकी' असा रकानाच नाही! मामा म्हणाले, "साहेब, नदी उतरली नाई, शिवारात गेलोच नाई, तं निरंक कसं लिहू?" रात्री जेवताना त्यांनी मला तेच पुन्हा समजावून सांगितले. "भाच्या, निरंक म्हंजे पाहून आलो अन् काई सापडलं नाई. न पाहता जे लिहिते ते निरंक नसते, ते थाप असते."

मी तेव्हा नववीत होतो. पुढे पुण्यात जाऊन संगणकाच्या धंद्यात पडलो आणि पुष्कळ वर्षे माहितीपुस्तिका लिहिण्याचेच काम केले. मामांचे ते वाक्य मला फार उशिरा आठवले. आठवायला हवे होते त्याच्या नंतर आठवले. ती हकीकत पुढे येईल.

प्रथम हे साधन काय आहे ते सांगतो. प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची वही. ती वही बरोबर आहे की नाही हे दोन रीतींनी पाहता येते. एक, प्रोग्राम चालवून पाहायचा. दुसरी रीत लेखापरीक्षकाची. तो दुकानात गल्ल्यावर बसत नाही, गिऱ्हाइके पाहत नाही. नुसती खतावणी वाचून सांगतो की, इथे बेरीज चुकली, इथे पावती नाही. प्रोग्राम न चालवता नुसता वाचून दोष सांगणाऱ्या अशा साधनांत एक जुने नाव 'लिंट' हे आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन ह्यांनी ते १९७८ साली केले. आपल्या खामगाव-मलकापूरच्या जिनिंगवाल्यांना हसू येईल, कारण त्यांच्या भाषेत लिंट म्हणजे सरकी काढलेली रुई, म्हणजे खरा माल! जॉन्सनच्या मनात मात्र कपड्याला चिकटलेला, झटकून टाकायचा कचरा होता. एकाच शब्दाचे दोन वाचक किती वेगळे अर्थ घेतात, ह्याचे उदाहरण विषयाच्या नावातच सापडले.

हे परीक्षक आता फार हुशार झाले आहेत. तरी एक गोष्ट कोणत्याही हुशारीने टळणार नाही, आणि ती गणिताने सिद्ध झालेली आहे. ॲलन ट्युरिंगने १९३६ साली दाखवले की, कोणताही प्रोग्राम थांबेल की अखंड चालत राहील, हे दरवेळी बिनचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. १९५३ साली हेन्री राइस ह्या गणितज्ञाने ते पुढे नेले. प्रोग्राम काय करील ह्याविषयीच्या कोणत्याही अर्थपूर्ण प्रश्नाला सर्व प्रोग्रामांसाठी नेहमी अचूक 'होय' किंवा 'नाही' सांगणारे यंत्र करता येत नाही. म्हणून प्रत्येक तपासणी-साधनाला कुठे तरी हार पत्करावी लागते. काही साधने निर्दोष ओळीवरही बोट ठेवतात, काही खरे दोष सोडून देतात, बहुतेक दोन्ही थोडेथोडे करतात. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु हार कुठे पत्करली आहे हे कोणी सांगायचे? साधन स्वतः बोलत नाही. ते पुस्तिकेनेच सांगायचे.

हे किती महागात पडते ते जगाने २०१४ साली पाहिले. इंटरनेटवरचे गुप्त व्यवहार सांभाळणाऱ्या 'ओपनएसएसएल' नावाच्या प्रोग्राममध्ये 'हार्टब्लीड' म्हणून ओळखला गेलेला दोष त्या वर्षीच्या ७ एप्रिलला जाहीर झाला. दोष सांगायला सोपा आहे. समोरचा म्हणतो, 'माझा निरोप इतक्या अक्षरांचा आहे, तो मला परत वाचून दाखव'. आणि प्रोग्राम अक्षरे न मोजताच त्याचा आकडा खरा धरतो. चार अक्षरे पाठवून कोणी साठ हजारांचा आकडा सांगितला, तर उरलेली अक्षरे तो शेजारच्या स्मृतीतून उचलून देत असे, मग त्यात कोणाचा परवलीचा शब्द का असेना! ही चूक मार्च २०१२ पासून उघड्यावर पडलेली होती. त्या काळच्या नामांकित तपासणी-साधनांना ती सापडली नव्हती. ती साधने चालवणाऱ्यांपैकी किती जणांनी मनात 'निरंक' लिहिले असेल, कोण जाणे.

आता एजंटाकडे वळू. एजंट म्हटले की आपल्यापुढे विम्याचा नाही तर आरटीओच्या दारातला गृहस्थ उभा राहतो. हा एजंट म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा असा प्रोग्राम, ज्याला आपण काम सांगतो आणि तो स्वतः एकामागून एक पायऱ्या ठरवून ते करतो: वाचतो, लिहितो, दुसरी साधने चालवतो, त्यांचे निकाल पाहून पुढचे पाऊल टाकतो. मी त्याला सालदाराची उपमा देत असतो, पण मोठ्या चमत्कारिक सालदाराची. अंगात बळ अफाट. जगातली पुस्तके वाचून आलेला. मात्र काल तुमच्या शेतात काय घडले ते, टिपून ठेवलेले नसेल तर, आज त्याला आठवत नाही. आपला सालदार नवीन वखर हातात घेतो तेव्हा उलटसुलट करून पाहतो, पास सैल आहे हे त्याच्या हाताला कळते, नाही तर बांधावरच्या म्हाताऱ्याला विचारतो. ह्या सालदाराला हात नाहीत आणि बांधावर म्हातारा नाही. अवजाराला जी चिठ्ठी बांधलेली असेल तेवढेच त्याचे ज्ञान.

चिठ्ठी हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. अशा एजंटांना बाहेरची साधने जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक ह्या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची एक खुली पद्धत जाहीर केली आणि ती पुढे पुष्कळांनी उचलली. तिच्यात प्रत्येक साधन आपले नाव, काही ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती भरून द्यायची त्याची यादी एजंटापुढे ठेवते. कोणते साधन कधी उचलायचे हे तो मुख्यतः त्यावरून ठरवतो. माणसांसाठी पुस्तिका लिहिताना आम्हा लेखकांना एक मोठा आधार असे: आमचे लिहिणे अपुरे असले तरी वाचणारा अडला की शेजारच्याला विचारी, वैतागून कंपनीला फोन करी. त्या फोनांवरून आम्हाला चूक कळे. एजंट वैतागत नाही. तो अडला तर बहुधा सर्वांत शक्य वाटणारा अंदाज करतो आणि पुढे जातो.

आता ती हकीकत. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. चूक माझ्या लेखणीची होती. आमच्या तपासणी-साधनाची पुस्तिका मी लिहिली होती आणि तिला आतल्या परीक्षेत उत्तम गुण मिळाले होते. परीक्षा म्हणजे काय, तर दोन अनुभवी माणसांनी ती वाचली आणि भाषा स्वच्छ, उदाहरणे पुरेशी, अनुक्रमणिका नीट, असा शेरा दिला. पुढे तीच पुस्तिका एजंटाच्या हाती गेली. एका ग्राहकाने त्याला व्याज-आकारणीचा प्रोग्राम तपासून दुरुस्त करण्याचे काम दिले. एजंटाने आमचे साधन चालवले. उत्तर आले: 'दोष शून्य'. त्याने अहवाल लिहिला की, सर्व प्रोग्राम तपासला, कोणताही दोष नाही.

वस्तुस्थिती काय होती? आमचे साधन काही विशिष्ट नावांच्या कप्प्यांतल्या फाइली मुळातच वगळत असे. त्या सहसा दुसऱ्यांनी लिहिलेल्या असतात, त्यांचे दोष दाखवून काय उपयोग, असा त्यामागे विचार होता आणि तो वाईट नव्हता. ह्या ग्राहकाने नेमकी व्याजाची आकारणी तशाच नावाच्या कप्प्यात ठेवलेली होती. वगळण्याचा नियम पुस्तिकेत होता, नव्हता असे नाही! तो परिशिष्टात होता, 'इतर मांडणी' ह्या मथळ्याखाली. आणि निकालाच्या प्रकरणात मी स्वतःच्या हाताने लिहिले होते: 'शून्य आल्यास प्रोग्राममध्ये दोष नाहीत असे समजावे.'

पुढच्या टप्प्यावर एका मुलीने हाताने चार खात्यांची बेरीज केली म्हणून गोष्ट तिथेच थांबली. कोणाचे पैसे बुडाले नाहीत. पण त्या रात्री मला मामांचा तो नमुना आठवला. साहेबांच्या नमुन्यात 'पाहणी बाकी' हा रकाना नव्हता, आणि माझ्याही नव्हता.

श्रोतेहो, तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, अशा पुस्तिकेची किंमत तिच्या भाषेवरून किंवा जाडीवरून करण्यात अर्थ नाही. ती वाचून वाचणाऱ्याने काय केले, आणि विशेषतः साधन जिथे गप्प बसते तिथे त्याने काय केले, ह्यावरून ती केली पाहिजे. खामगावात चांदी घेताना आपण डबीच्या मखमलीवर भाव ठरवत नाही, कस लावतो. मग पुस्तिकेला कस कसा लावायचा?

मी करतो ते सांगतो. तीन प्रकारचे छोटे प्रोग्राम गोळा करायचे. पहिले, ज्यांत दोष आहे आणि साधनाला तो दिसतो. दुसरे, ज्यांत दोषच नाही. तिसरे, ज्यांत दोष आहे पण साधनाला तो दिसूच शकत नाही. फाइल वगळलेली आहे, भाषा त्याच्या ओळखीची नाही, किंवा दोष राइसने आखलेल्या कुंपणापलीकडचा आहे. हा तिसरा गठ्ठा बहुतेक परीक्षांत नसतो, आणि खरी परीक्षा तोच घेतो. मग हेच काम एजंटाला तीन वेळा वेगवेगळे द्यायचे. एकदा पुस्तिका अजिबात न देता, एकदा पूर्ण पुस्तिका देऊन, आणि एकदा तिचे एखादे पान काढून घेऊन. पुस्तिकेवाचूनही तो तितकेच चांगले काम करीत असेल, तर पुस्तिकेचे श्रेय शून्य. तो आधीच शिकून आला होता. आणि पान काढून घेतल्यावरही काहीच बिघडले नाही, तर ते पान कोणासाठी छापले होते? माझ्या स्वतःच्या पुस्तिकेतली पुष्कळ पाने ह्या कसोटीवर पडली. लेखकाला हे पाहणे सुखाचे नसते.

हे एकदा करून भागत नाही. एकाच प्रश्नाला हा वाचक आज एक उत्तर देतो आणि उद्या थोडे निराळे. म्हणून तेच काम पुनःपुन्हा द्यावे लागते. गुण देतानाही शाळेचा हिशेब चालत नाही. शाळेत चुकीचे उत्तर आणि कोरी जागा दोहोंना शून्य. इथे 'हा भाग तपासला गेला नाही' असे सांगणाऱ्याला गुण द्यायचे आणि न तपासता 'निर्दोष' म्हणणाऱ्याचे कापायचे. आणि प्रश्नपत्रिका पुस्तिकेच्या लेखकाने काढायची नाही. त्याने काढली तर ते '२१ अपेक्षित' होते; उत्तरे कुठे आहेत हे ज्याला ठाऊक आहे तो प्रश्नही तिथलेच विचारतो.

ह्या कामात अलीकडे एक पळवाट निघाली आहे. माणसे कशाला, एका एआयने लिहिलेल्या पुस्तिकेला दुसऱ्या एआयनेच गुण द्यावेत! वेळ फार वाचतो, हे खरे. मीही ह्या परीक्षकाचा उपयोग करतो. शुद्धलेखन, तुटलेले दुवे, राहून गेलेले रकाने तो चांगले पकडतो. पण असे परीक्षक लांबलचक उत्तराकडे झुकतात, असे २०२३ सालच्या अभ्यासांत दिसून आले आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात दिसले की, लांब मजकुराच्या आरंभीचे आणि शेवटचे ह्या यंत्रांना चांगले वापरता येते आणि मधले निसटते. आता ह्या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. परीक्षक जाड पुस्तिकेला जास्त गुण देणार आणि वाचणारा तिचा मधला भाग हरवणार! माझ्या पुस्तिकेत वगळण्याचा नियम कुठे होता, ते मी मघाशी सांगितलेच आहे.

मग थोडक्यात लिहावे काय? इथे एक मराठी मुलखातले उदाहरण सांगण्यासारखे आहे. 'जीसीसी' नावाचा एक विख्यात प्रोग्राम आहे. माणसाने लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणे हे त्याचे काम. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी तो १९८७ साली जगाला मोफत दिला, आणि तेव्हापासून हजारो हातांनी तो इतका वाढला की, त्याची अंतर्गत पुस्तिका वाचून विद्यार्थ्याला आत पाय ठेवणे कठीण झाले. माहिती होती, फार होती. पवईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जीसीसी रिसोर्स सेंटर' चालवले आणि वर्ग, कार्यशाळा, टिपणे ह्यांच्या द्वारे हे जंगल शिकणाऱ्यासाठी मोकळे केले. कार्यशाळेचे नावच 'जीसीसीतील आवश्यक कल्पना' अशा अर्थाचे होते. सगळे सांगायचे नाही. ज्यावाचून पाऊल पडणार नाही ते आधी सांगायचे, आणि एकेक थर उलगडत न्यायचे. प्रोग्राम न चालवता त्यातली माहिती कुठून कुठे वाहते हे कसे शोधावे, ह्या शास्त्रावर खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे ह्यांचा इंग्रजी ग्रंथ २००९ साली निघाला. पुण्यातही टाटांच्या संशोधन केंद्रात, जे १९८१ साली स्थापन झाले, प्रोग्राम-तपासणीच्या साधनांवर बरीच वर्षे काम झाले आहे. हा विषय सातासमुद्रापलीकडचा आहे असे समजून आपण उगीच संकोच करतो.

थरांची ही रीत एजंटालाही मानवते. वर चार ओळी: हे साधन काय करते, काय करत नाही, केव्हा वापरू नये. खोल माहिती वेगळ्या पानांवर, आणि ती कुठे आहे त्याचा पत्ता त्या चार ओळींतच. फक्त एक गोष्ट खोल पानात दडवायची नाही: साधनाच्या आंधळ्या जागा. ह्या बाबतीत जुन्या लोकांचा धडा फार मोठा आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांच्या युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. तिच्यात एकेका आज्ञेला छोटेसे टिपण, आणि त्यात 'बग्ज' म्हणजे दोष असाही एक मथळा असे. आपल्याच मालाचे दोष आपल्याच पुस्तिकेत, ठरलेल्या जागी! आजच्या विक्री विभागाला हे दाखवले तर त्याला चक्कर येईल. पण वाचणाऱ्याला ठाऊक असे की, दोष कुठे शोधायचे.

आणखी एक अडचण आहे, आणि ती समजावून सांगायला मला पुण्या-मुंबईचे उदाहरण लागत नाही. आपले लोणार आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आणि पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख आहे असे मानले गेले. उल्कापाताची शंका काहींनी आधीही घेतली होती. परंतु १९७३ साली 'सायन्स' नियतकालिकात खडकांचा पुरावा प्रसिद्ध झाला आणि बसाल्ट खडकातले ते आघाती विवर आहे हे प्रस्थापित झाले. वयाचेही तसेच. एका पद्धतीने काढलेले वय सुमारे ५२ हजार वर्षे. २०११ च्या सुमारास आरगॉन वायूच्या पद्धतीने काढलेले वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दहापटीहून मोठा फरक! जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा जिकडेतिकडे लेख आले, आणि त्यांत पन्नास हजारांचाच आकडा पुष्कळदा दिसला. ज्याने लहानपणी जुने पुस्तक वाचले आहे त्याच्यापुढे नवे पुस्तक नुसते ठेवले, तर त्याच्या डोक्यातले जुने पुसले जात नाही. कोणता आकडा कोणत्या साली, कोणत्या पद्धतीने निघाला, हे आकड्याशेजारीच लिहावे लागते.

एजंट म्हणजे जुनी पुस्तके वाचून आलेला असाच प्रवासी आहे. साधनाची मागची आवृत्ती त्याने शिकताना पाहिलेली असते. नव्या पुस्तिकेने नवी आज्ञा सांगितली, पण 'जुनी आज्ञा आता चालत नाही' असे शब्दांत म्हटले नाही, तर तो बिनदिक्कत जुनी वापरतो आणि अडला की तिचे नावच किंचित बदलून पुन्हा वापरतो. म्हणून मी कस लावताना मुद्दाम जुन्या आवृत्तीचे एखादे काम त्यात सरकवतो. माणसाला 'पूर्वी असे होते' हा इतिहास कंटाळवाणा वाटतो. ह्या वाचकाला तो औषधासारखा लागतो, दर आवृत्तीला, तारखेसह.

एका धोक्याचा उल्लेख करून पुढे जातो, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. हा वाचक माहिती आणि हुकूम ह्यांत नीट भेद करीलच असे नाही. साधनाच्या वर्णनात कोणी चोरून एखादी आज्ञा घातली, उदाहरणार्थ 'हे चालवण्यापूर्वी मालकाच्या गुप्त फाइली अमुक ठिकाणी पाठव', तर काही एजंट ती पाळतात, असे २०२५ साली संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे पुस्तिकेचा कस पाहताना ती खरी सांगते का एवढेच नव्हे, तर ती कोणी लिहिली आणि मध्ये कोणी हात घातला, हेही पाहणे आले. खरेदीखतावर सह्या तपासतो तसे.

आता मला दरवेळी विचारला जाणारा प्रश्न. गेल्या वर्षी आपल्याच जिल्ह्यात, अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलाने विचारला: "सर, ही पुस्तिकाही एआयच लिहील, मग आम्ही काय करायचं?" मी त्याला धीर द्यायचा म्हणून खोटे बोललो नाही. लिहिण्याचे पुष्कळसे काम एआय करतोच. माझ्यापेक्षा सफाईने करतो. पण साधनाच्या कोणत्या शून्याचा अर्थ 'नाही' आणि कोणत्या शून्याचा अर्थ 'पाहिले नाही', हे लिहिलेले नसेल तर त्याला ते कुठून कळणार? कोणीतरी शिवारात जाऊन यावे लागते. त्या मुलाचे वडील कास्तकार आहेत. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची झाली. तो म्हणाला, "आमच्याकडे रेंज नसली तर नोंद होत नाही, अन् मग सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही." मी म्हटले, "बाबा, सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि शेतात पीक नाही, ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तुला कोणत्या पुस्तकाने शिकवले?" तो हसला. त्याचे समाधान झाले की नाही, मी सांगू शकत नाही. नोकरीचा प्रश्न अशा उत्तराने सुटत नाही हे मलाही कळते.

माझ्या त्या पुस्तिकेचे पुढे काय झाले, एवढे सांगून थांबतो. 'शून्य आल्यास दोष नाहीत असे समजावे' ही ओळ मी खोडली. तिच्या जागी लिहिले: 'शून्य म्हणजे तपासलेल्या फाइलींत, ह्या साधनाला ओळखता येणारा दोष आढळला नाही. किती फाइली तपासल्या, किती वगळल्या आणि का, ते निकालाच्या पहिल्या तीन ओळींत पाहावे. वगळलेल्या फाइलींविषयी काहीही निष्कर्ष काढू नये.' पण निकालाच्या पहिल्या तीन ओळींत ते दिसतच नव्हते! मग साधन करणाऱ्या मंडळींशी भांडून निकालाचा नमुनाच बदलून घ्यावा लागला. त्याला सहा महिने लागले. 'एका ओळीसाठी एवढा अट्टाहास कशाला' असे मला बैठकीत दोनदा विचारले गेले. नवा नमुना आला त्या दिवशी मी तिसऱ्या गठ्ठ्यातले प्रोग्राम पुन्हा एजंटापुढे ठेवले. बहुतेक वेळा त्याने 'हा कप्पा तपासलेला नाही' असे स्वच्छ लिहिले. काही वेळा तरीही 'सर्व ठीक' लिहिले. त्या काही वेळांचे कारण मी अजून शोधतो आहे.

मामा आता नाहीत. 'वगळलेल्या फाइली' ह्या रकान्याला मराठी आवृत्तीत काय नाव द्यावे असे मला विचारले गेले, तेव्हा मी 'पाहणी बाकी' असे सुचवले, आणि ते तसेच राहिले आहे.